जिथं जिथं ती ओळ हाय

रेहाना शिकलगार हे नाव घेतलं की आमच्या जुन्या ऑफिसातली माणसं अजून खुर्चीत सरळ बसतात. मी तिथून कधीच बाहेर पडलो, दुसरीकडं नोकरी धरली, पोटही सुटलं. पण कुणी माझ्यासमोर कॉम्प्युटरवर एका जागचं उचलून दुसऱ्या जागी चिकटवायला लागलं की माझ्या कानात तिचा आवाज वाजतोच. "आरं, डोकं काय घरी ठेवून आलास काय?"

कोल्हापुरात, राजारामपुरीत एका चप्पलच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. गावोगावच्या दूध संस्थांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालायला येतात, त्याचं माप, फॅट, डिग्री म्हणजे दाटपणा, पावती, सगळं त्या कॉम्प्युटरवर. रेहानाक्का तिथली सगळ्यात जुनी प्रोग्रामर, आणि मी सपोर्टवाला, म्हणजे गावोगाव हिंडून शिव्या खायला ठेवलेला माणूस. आक्का पन्नाशीला टेकलेली, उंच, ओढणी कंबरेला खोचलेली. आवाज असा, की ती वर बोलायला लागली की खाली चप्पल घालून बघणारं गिऱ्हाईक वर बघायचं. बोलणं अस्सल कोल्हापुरी. स्वतःला 'मी आलो, मी सांगतो' म्हणायची. आमच्याकडं बायका तसंच बोलतात, त्यात नवल काही नाही. आख्खं ऑफिस तिला आक्का म्हणायचं. मालकसुद्धा म्हणायचे, रागात नसले तर.

मालक म्हणजे विलासराव. माणूस वाईट नव्हे, हे आधीच सांगतो, कारण पुढं त्यांच्यावर माझा पारा चढणार आहे. पहिलं सॉफ्टवेअर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं. आता सोर्स कोड म्हणजे काय, तर कॉम्प्युटरला ओळीओळीनं सांगून ठेवलेलं काम: हे असं मोज, ते तसं धर. विलासरावांची पद्धत अशी होती, की नवीन संस्था मिळाली की ऑफिसात नारळ फोडायचा, कॉम्प्युटरला हळदकुंकू लावायचं, आणि कालच्या संस्थेचा आख्खा कोड उचलून त्याची कॉपी करायची. तिला नवीन गावाचं नाव द्यायचं. मग त्या गावाला जे काय वेगळं पाहिजे ते त्या कॉपीत बदलायचं. गावं वाढत गेली तशा कॉप्या वाढत गेल्या. कॉपीची कॉपी, तिची कॉपी. कुणाची कुठून आली, हे फक्त आक्काला माहीत असायचं.

आणि एक नियम होता. ज्याची तक्रार, त्याचीच दुरुस्ती. एका गावानं चूक दाखवली की त्या गावची कॉपी नीट करायची. तीच चूक बाकीच्या सगळ्या गावांत असणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण विलासराव म्हणायचे, "बाकीच्यांनी मागितलंय काय? मग कशाला खाजवून खरूज काढतोस?"

आक्काचा संताप ह्या नियमावर होता. तिचे वडील टेलर होते. ती म्हणायची, "माझा बा कागदाचा एकच नमुना कापून ठेवायचा. शर्ट त्यावरनं किती बी कापा. गळा चुकला तर नमुना नीट केला की काम झालं. ह्यो आपला मालक शर्टावरनं शर्ट कापतोय. पहिल्याचा गळा वाकडा, म्हणून आख्ख्या जिल्ह्याचा गळा वाकडा!" हे ती विलासरावांच्या तोंडावर म्हणायची. पाठीमागं बोलायची तिला सवयच नव्हती. आम्ही मात्र पाठीमागंच बोलायचो, आणि तेही दार लावून.

ऑफिसात नवीन मुलगा किंवा मुलगी लागली की आक्का पहिल्या दिवशी त्यांच्या कीबोर्डवरचं 'व्ही'चं बटण उचकटून काढायची. चिकटवायचं काम त्याच बटणानं होतं ना. बटण आपल्या सुपारीच्या डबीत टाकायची आणि सांगायची, "स्वतः लिव. एकच गोष्ट दोनदा लिवायचा कंटाळा आला, की माझ्याकडं ये. कंटाळा आलेला माणूसच शाणा प्रोग्रामर हुतो." एकदा विलासराव एका मोठ्या दूध संघाच्या साहेबांना मेल करायला नेमके अशाच एका नव्या मुलीच्या कॉम्प्युटरवर बसले. इंग्रजीत खाली नाव टाकलं, त्यातलं पहिलंच अक्षर गायब. मेल तसाच गेला. विलासराव तांबडे लाल. आक्का जागेवरून म्हणाली, "सर, नावातलं एक अक्षर गेलं तर एवढं लागलं? तिकडं गावंच्या गावं चुकत्यात, त्येचं काय?" विलासराव केबिनमध्ये गेले आणि दार आपटलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बटणं परत द्या म्हणून हुकूम निघाला. आक्कानं दिली. पुढच्या नव्या मुलाचं परत काढलं.

शाहूवाडीकडच्या एका गावाची गंमत तर आमच्याकडं वर्षानुवर्षं सांगितली जायची. नारळ फुटला, कॉपी झाली, गावाचं नाव बदललं, पण पावतीच्या डोक्यावरचा देव बदलायचा राहिला. गावदेव केदारलिंग, आणि पावती निघाली 'श्री भैरवनाथ प्रसन्न' म्हणून. तिसऱ्या दिवशी जीपभर माणसं जिना चढून वर आली. पुढचा मिशीवाला दारातूनच ओरडला, "पावणं, आमचा देव कुठं घातलासा?" विलासराव हात जोडून उभे. आक्का पुढं झाली. त्यांना स्क्रीनपाशी नेलं, त्यांच्यादेखत देवाचं नाव नीट लिहिलं, 'श्री' दोनदा पाहिजे काय तेही विचारलं. माणसं खूश झाली. चहा आला. आणि मग ही बया त्यांना म्हणते, "देव चुकला ते तुमास्नी दिसलं, बरं झालं. न दिसणारं काय काय चुकलंय, त्येची काळजी करा. पावती नुसती कपाळाला लावू नका, वाचत जावा." विलासरावांनी घाईनं बिस्किटं पुढं केली. गिऱ्हाईकाला कुणी असं सांगतं काय? पण आक्का सांगायची. तिचं म्हणणं सरळ होतं. "तक्रार आली न्हाई म्हंजे चूक न्हाई, असं कुठं असतंय? माणूस कंटाळला असंल. न्हाईतर त्येचं ऐकणारं कुणी नसंल."

आता खरं काय झालं ते सांगतो.

दूध गरम असलं की पातळ होतं. डिग्री बघायची काचेची नळी त्यात जरा जास्त बुडते आणि दुधात पाणी असल्यासारखा आकडा दाखवते. म्हणून दूध जितकं गरम, तितकं त्या आकड्यात वाढवून धरायचं असतं. विलासरावांनी पहिल्या कोडात तिथं वाढवायच्या जागी कमी करून ठेवलेलं. अधिकच्या जागी वजा. एवढीच ती ओळ. बऱ्याच वर्षांपूर्वी करवीरातल्या एका गावानं तक्रार केली, तेव्हा आक्कानं त्या गावापुरती ती नीट केली आणि मालकांना म्हणाली, "सर, ही सगळीकडं हाय." उत्तर ठरलेलं होतं, ज्याची तक्रार त्याचीच दुरुस्ती. पुढं बहुतेक संस्थांत मशीन आलं. ते गरम-गार आपलं आपण सांभाळून घेतं. त्यामुळं ती ओळ सगळीकडं नुसती पडून राहिली, कुणाला न दुखवता. आक्का दर मीटिंगला तिची आठवण काढायची आणि विलासराव दर मीटिंगला घड्याळ बघायचे.

चंदगडचा पाऊस माहीत असलेल्याला पुढचं सांगायला नको. तिथल्या एका गावच्या संस्थेतलं मशीन दमट हवेनं बंद पडलं. दुरुस्तीला गेलं ते आलंच नाही. सेक्रेटरीनं जुनी काचेची नळी बाहेर काढली, थर्मामीटर लावला आणि दोन्ही आकडे हातानं कॉम्प्युटरात घालायला सुरुवात केली. ती ओळ चालू झाली.

आम्हाला फोन आला तो मात्र पाऊस संपल्यावर, चेअरमनचा. फोनवरच शिव्या. त्यांच्या स्वतःच्या दुधात पाणी निघालं होतं. मी आणि आक्का एसटीनं गेलो. संध्याकाळचं दूध घालायची वेळ, पत्र्याखाली किटल्या घेऊन रांग लागलेली. चेअरमन दारातच उभे.

"माझ्या दुधात पाणी? माझ्या? गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हायली न्हाई मला!"

आक्का काही न बोलता कॉम्प्युटरपुढं बसली. कुठं बघायचं ते तिला माहीतच होतं. ती ओळ समोर आली तसा तिचा चेहरा उतरला. मी तिला इतकी वर्षं बघत होतो, तिचा चेहरा उतरलेला कधी पाहिला नव्हता. तिनं ओळ नीट केली. मग खुर्ची वळवून चेअरमनला विचारलं, "तुमची किटली पहिली येती काय?"

"व्हय. आता माझंच घर जवळ."

"आता म्हंजे? आदी कोण पहिलं यायचं?"

चेअरमननं सेक्रेटरीकडं बघितलं. सेक्रेटरी वहीची पानं उलटायला लागला. रांगेतली एक बाई म्हणाली, "दत्तू गावडे. त्येचं घर ह्या भिंतीला लागूनच. धार काढली की ऊन-ऊन दूध घेऊन यायचा बिचारा."

"मग आता का येत न्हाई?"

सेक्रेटरी चाचरत म्हणाला, "त्येच्या दुधात पाणी निघत हुतं. आख्खा पावसाळा. फळ्यावर नाव लिवलं. सभेत बी इषय झाला. मग त्येनंच बंद केलं. म्हशी इकल्या आन् इचलकरंजीला गेला. तरुणपणी मागावर हुता, परत मागावर लागला."

सभेत 'असली माणसं संस्थेत नकोत' म्हणून सांगणारे चेअरमनच होते, हे त्या बाईनं मला नंतर सांगितलं. त्या वेळी ते चपलेकडं बघत उभे होते. दत्तूच्या दुधात पाणी निघालं तेव्हा दत्तू चोर ठरला. चेअरमनच्या दुधात पाणी निघालं, तेव्हा कुठं आमच्या सॉफ्टवेअरात चूक निघाली. मला आजही हे लिहिताना चीड येते.

आक्का उठली. भिंतीकडेला बाक होता, त्यावर चढून उभी राहिली. मी म्हणालो, "आक्का, चला, गाडी चुकंल." तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"ऐका! मी कोल्हापूरची रेहाना शिकलगार. ह्या कॉम्प्युटरातलं काम माझ्याकडं हाय. दत्तू गावड्याच्या दुधात पाणी नव्हतं! त्यो सगळ्यात ताजं दूध आणत हुता, म्हणून चोर ठरला. घरात तासभर निवत ठेवलं असतं तर ठरला नसता. चूक आमच्या कोडात हुती. आणि ही चूक आमास्नी आदीपासनं ठावी हुती. दुसऱ्या गावात मी माझ्या हातानं दुरुस्त केली. तुमच्या गावात केली न्हाई, कारण तुमी तक्रार केली न्हाई. दत्तूनं केली असंल, पण ती आमच्यापातुर कुणी पोचवली न्हाई. आता त्येचं नाव जसं फळ्यावर लिवलं हुतं, तसंच लिवा. त्येच फळ्यावर, त्येवढ्याच मोठ्या अक्षरात. दत्तू गावडे, दूध चोख."

शेवटी त्या बाईनंच खडू उचलला आणि सेक्रेटरीच्या हातात दिला. त्यानं लिहिलं.

आम्ही ऑफिसात पोहोचायच्या आधी फोन पोहोचला होता. विलासराव जिन्यातच उभे. "बाकावर चढून बोंब मारायची काय गरज होती, रेहाना? गपचूप दुरुस्त करून यायचं!"

"फळ्यावर नाव गपचूप लिवलं नव्हतं, सर."

"अगं, बाकीच्या गावांना कळलं तर? सगळ्यांनी आपलं सॉफ्टवेअर सोडलं तर ही पोरं कुठं जातील? ह्यांच्या घरी चूल पेटायला नको?"

बोलणं खोटं नव्हतं. आम्ही सगळे माना खाली घालून ऐकत होतो, कारण त्या चुली आमच्या होत्या. आक्कानं आमच्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, "म्हणूनच सांगतो. आज, आत्ता, सगळ्या कॉप्या उघडतो. जिथं जिथं ती ओळ हाय, तिथं तिथं नीट करतो. जिथं काचेची नळी चालती तिथं फोन करून सांगतो, कुणाचं नाव फळ्यावर गेलं असंल तर पुसा. दत्तू गावड्याला सकाळी इचलकरंजीला जाऊन भेटतो. आणि उद्यापासनं कोड एकच. गावाचा देव येगळा, गावाचा रिवाज येगळा, ते बाजूला ठेवायचं. दूध मोजायची रीत एकाच जागी. चुकली तर सगळ्यांची चुकंल, पण नीट झाली तर सगळ्यांची नीट हुईल. कोपऱ्यातला एकटा माणूस तरी मरणार न्हाई."

त्या आठवड्यात एक नवीन संस्था मिळाली होती. देवापुढं नारळ तयार होता. आक्कानं तो उचलला, उंबऱ्यावर आपटून फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले आणि गूळ घालून सगळ्यांच्या हातावर ठेवले. विलासरावांच्याही. "खावा. नारळ संपला. आता कॉपी न्हाई." आम्ही मालकांकडं बघत-बघत खाल्लं. खरं सांगतो, तेवढं गोड खोबरं मी नंतर कधी खाल्लं नाही.

विलासरावांनी खोबरं तोंडात टाकलं नाही. म्हणाले, "कोडचं तू म्हणतेस तसं करू. पण त्या गावड्याला भेटायचं नाही. त्यानं लेखी मागितलं, पेपरात गेलं, तर मी काय करू? भेटलीस तर परत ह्या जिन्यावर पाऊल टाकायचं नाही."

"टाकणार. भेटणार बी आणि येणार बी. हाकलायचंच असलं तर दारात उभं ऱ्हाऊन मोठ्यानं हाकला, सगळ्यांनी ऐकू दे. मी काय गपचूप जाणारी न्हाई."

पुढचं आधीच सांगून टाकतो. विलासरावांनी तिला हाकललं नाही. ते काम दुसऱ्या कुणाला जमण्यातलं नव्हतं, आणि मला वाटतं, मनातून त्यांना ती ओळ टोचत होती. शेवटी ती त्यांच्याच हातची होती. वर्षभर खपून आक्कानं सगळ्या गावांचा एक कोड केला. जुन्या कॉप्या पुसताना विलासराव म्हणाले, "एक राहू दे, आठवण म्हणून." आक्का "न्हाई" म्हणाली आणि पुसली. दोन-तीन गावांनी आम्हाला सोडलं, बाकीची राहिली. मग ती स्वतःहून बाहेर पडली. आता कुणीतरी सांगतं, ती बेळगावला लेकीकडं आहे. कुणी सांगतं, तिथल्याही पोरांची बटणं काढते. मी फोन करीन करीन म्हणतो आणि राहून जातं.

पण डोळ्यापुढं येते ती इचलकरंजीतली आक्का, त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशीची. पत्ता चंदगडच्या त्या बाईनं दिला होता. मी आक्काला मोटारसायकलवरून सोडायला गेलो. मी का गेलो? तिला एकटीला जाऊ द्यायची माझी छाती झाली नाही, एवढंच.

शेडच्या दारात उभं राहिलं की कानाचे पडदे थरथरतात. माग असे खडखडत होते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मी दारातच थांबलो, ती आत गेली. दत्तू गावडे बारका, पिकल्या केसांचा, अंगावर कापसाची धूळ. आक्का त्याच्या कानाशी जाऊन ओरडली. त्याला एवढंच कळलं असावं, की ही बाई गावच्या डेअरीकडून आली आहे. त्यानं तोंड फिरवलं आणि तुटलेला धागा जोडायला लागला. ती दुसऱ्या बाजूनं गेली, परत ओरडली. तिचे ओठ मला दिसत होते. "तुमच्या दुधात पाणी नव्हतं!"

त्याचा हात धाग्यावरच थांबला.

मग त्यानं समोरचा माग बंद केला, शेजारचा केला, आणि पलीकडच्या माणसाला हातानं खूण केली. त्यानंही केला. एकेक करत आख्खी शेड बंद पडली. शेडच्या मालकाचा माणूस धावत आला, "आरं काय, लाईट गेली काय?"

दत्तू म्हणाला, "गप ऱ्हावा जरा." मग आक्काकडं वळला. "आता बोला, बाई. दमानं, पर मोठ्यानं. आमच्या गावची माणसं हाईत हितं. माझं पोरगं बी त्या कोपऱ्यातल्या मागावर हाय. त्येला ऐकू जाऊ दे."

आक्कानं सगळं सांगितलं. ऊन दूध, उलटी ओळ, फळा, स्वतःचं नाव, सगळं. कोपऱ्यातला पोरगा पुढं आला आणि बापाच्या खांद्याशी उभा राहिला.

दत्तूनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाला, "परत एकदा सांगा."

तिनं परत सांगितलं.